टॅपेट वाजत नव्हते, त्याचं कारण

ती. आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

गाडीच्या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, काल परत चढवलं. फोनवर बाबा "सुरू झाली का?" एवढंच विचारतात आणि मी "झाली" म्हणते, म्हणून बाकीचं लिहून कळवतेय.

बाबा, गाडी देताना तुम्ही कौतुकाने म्हणाला होतात, "आता टॅपेटसुद्धा वाजत नाहीत बघ." तिथेच दुखणं होतं! हेड उतरवलं तर चारही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपा, सीटमध्ये, त्या जिथे टेकतात त्या कडेत, खोल रुतलेले. व्हॉल्व्ह जेवढा आत बसतो तेवढी त्याची दांडी वर येते, दांडी आणि तिला दाबणाऱ्या टॅपेटमधली फट मिटत जाते आणि आवाज बंद होतो. फट पुरती संपली की व्हॉल्व्ह नीट टेकत नाही. टेकला नाही तर त्याची उष्णता सीटमधून हेडमध्ये उतरणार कुठून? एकाची कड जळायला लागलीच होती.

यात तुमची चूक नाही. आपल्या इंजिनात सीट थेट बिडाच्या हेडमध्येच कापलेल्या. जुन्या पेट्रोलमधल्या शिशाचा पातळ थर त्यांना जपायचा. अनलेडेड आलं आणि तो थर गेला. पेट्रोलमधल्या शिशाने इंजिनाचं नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठोकठोक) थांबतं हे १९२१ मध्ये सापडलं आणि गाड्यांसाठी ते विकणं सगळ्यात शेवटी अल्जीरियाने थांबवलं, २०२१ मध्ये. शंभर वर्षं ते विष हवेत गेलं, म्हणून इंजिनासाठी मला त्याची हळहळ वाटत नाही. आता जुन्या सीटच्या जागी खाचा करून कडक पोलादाच्या रिंगा ठोकून बसवल्यात.

आई, सकाळी गाडी सुरू करताना निघणारा निळा धूर, ज्यावरून तू वाळत घातलेले कपडे आत घ्यायचीस, तो गाईडमुळे, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते त्या नळीमुळे. गाईड झिजलेले आणि सील कडक झालेले, त्यामुळे रात्रभर तेल दांडीवरून खाली झिरपायचं. गाईड आता ब्राँझचे, सीलही नवे.

हेड वाकलंही होतं. पट्टी आडवी धरली तर मधून ०.१५ मि.मी.चं फिलर पान, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, आरपार गेलं. फेसिंग करणारा, म्हणजे हेडचा तळ कापून सपाट करणारा, "अजून थोडं घेऊ, पिकअप वाढेल" म्हणत होता. मी नको म्हटलं. जास्त कापलं की कॉम्प्रेशन वाढतं, आणि म्हाताऱ्या पिस्टनवर तो ताण कशाला?

एक गाढवपणा केला. पुशरॉड (टॅपेट हलवणाऱ्या लांब दांड्या) पुठ्ठ्यात भोकं पाडून ओळीने खोचले होते, पण पुठ्ठ्यावर पुढची बाजू कोणती हे लिहायलाच विसरले. बाबा, हसू नका. नशीब, व्हॉल्व्हवर नंबर टाकले होते. ग्राइंडिंग पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासायला दोन संध्याकाळी गेल्या. मग हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये रॉकेल ओतलं. सकाळपर्यंत व्हॉल्व्हपलीकडच्या पोर्टमध्ये थेंबही उतरला नव्हता, म्हणजे व्हॉल्व्ह घट्ट टेकतायत. बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळले.

आता टॅपेट वाजतात, हलकेसे. तुम्ही पान ओढून "किंचित अडलं पाहिजे" म्हणायचात ना, ते अडणं माझ्या बोटांना अजून नीट कळत नाही. पाचशे किलोमीटर झाले की फट पुन्हा बघायची आहे. तेव्हा दोघंही या. तोवर मी टॅपेट कव्हर उघडत नाही.

तुमची,
धाकटी