सत्तावीस बंड्या ज्वारीचा हिशेब करणाऱ्या गुरुजींना

आदरणीय गुरुजी,

सविनय नमस्कार.

हे पत्र तुमच्या ओसरीवर येऊन हातात देता आले असते, पण मला जे म्हणायचे आहे ते चारचौघांसमोर म्हटले जावे असे वाटते, म्हणून ते उघडपणे लिहीत आहे. तुमचे नाव मात्र लिहीत नाही, कारण स्वतःचे नाव असे छापून आलेले तुम्हाला आवडणार नाही. अकोट तालुक्यात जे तुमच्याकडून इतिहास शिकले, ते ओळखतीलच.

खारतट हे माझ्या कादंबरीतले राज्य. ते कोणत्याही नकाशावर नाही. दोनशे वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आलेल्या धर्मयोद्ध्यांनी एका पवित्र झऱ्याच्या रक्षणासाठी ते जिंकले, किनाऱ्यापासून डोंगरापर्यंत बारा गड बांधले, आणि कादंबरी सुरू होते तेव्हा त्यांतले चार गड उरले आहेत. राजा लहान आहे, योद्ध्यांचे दोन पंथ एकमेकांशी बोलत नाहीत, मायदेशातून येणारी जहाजे दरवर्षी कमी होत चालली आहेत. ज्या कारणासाठी राज्य उभे राहिले ते कारण केव्हाच मागे पडले, तरी पहारे बदलत राहतात आणि पांढरा ध्वज रोज सकाळी चढवला जातो; अशा राज्यात जन्मलेल्या माणसांनी काय करावे, हे मला लिहून पाहायचे होते.

तुमच्याकडे येण्याआधी मी या कादंबरीची वही ज्यांना दाखवली, त्यांच्याविषयी लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. शहरातल्या एका लेखन शिबिरात एका मान्यवरांनी वहीची दोन पाने उलटली आणि ती मिटून मला सांगितले की विदर्भातल्या शेतकऱ्याच्या मुलीने कापूस, कर्ज आणि आत्महत्या यांवर लिहावे, कारण तेच आमच्याकडून अपेक्षित आहे. एका प्रकाशकांनी फोनवर विचारले की हे भाषांतर आहे का, आणि नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. त्या दोघांनीही वही वाचली नाही. माझ्या आईचे हात कापूस वेचून कसे होतात हे मला कोणी शिकवायला नको. पण आमच्या वाट्याला फक्त दुःखाची साक्ष देण्याचे काम आहे, एखादे जग रचण्याचा अधिकार नाही, हे ज्या सहजपणे सांगितले गेले त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही वही ठेवून घेतली. परत देताना तुम्ही फारसे बोलला नाहीत. घरी येऊन उघडली तेव्हा तिसऱ्या प्रकरणात, जिथे डोंगरावरच्या शेवटच्या गडाला वेढा पडणार असतो, तिथे जुन्या कॅलेंडरच्या कागदाची एक चिठ्ठी होती. तुमच्या अक्षरात, पेन्सिलीने, हिशेब मांडलेला होता: गडावर माणसे ३००, दर माणशी रोज अर्धा किलो ज्वारी, रोजचे दीड क्विंटल, सहा महिन्यांचे २७० क्विंटल, बंडीला १० क्विंटल धरले तर २७ बंड्या, घोड्यांचे वेगळे. आणि खाली एकच ओळ होती: ‘ही ज्वारी कोणाच्या वावरातून आली?’

गुरुजी, ती चिठ्ठी हातात घेऊन मी किती वेळ बसले असेन ते सांगता येत नाही. जे राज्य अस्तित्वातच नाही त्याच्या गडावरची माणसे उपाशी राहू नयेत म्हणून कोणीतरी बसून त्यांच्या भाकरीचा हिशेब केला होता. ‘छान लिहिलेस’ असे तुम्ही कुठेच लिहिले नव्हते, आणि त्या हिशेबानंतर ते लिहायची गरजही नव्हती. माझे राज्य खरे आहे असे धरून तुम्ही त्याला प्रश्न विचारला होता.

पुढे ओसरीवर तुम्ही जे सांगत गेलात, त्याने खारतटाला आधार मिळाला. हत्तीनची लढाई तुम्ही मला पाण्याच्या बाजूने समजावून दिलीत. युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी, म्हणजे क्रूसेडरांनी, उभारलेल्या जेरुसलेमच्या राज्याचे सैन्य ३ जुलै ११८७ रोजी सफ्फुरियाचे भरपूर पाणी मागे सोडून उन्हाळ्यात तिबेरियासकडे निघाले, इजिप्त आणि सीरियाचा सुलतान सलाउद्दीन याने त्यांची पाण्याची वाट अडवली, आणि दुसऱ्या दिवशी तहानेने व्याकूळ झालेली ती फौज संपली. त्या फौजेसाठी गावोगावच्या गढ्या आणि शहरे रिकामी केलेली होती, म्हणून एका लढाईनंतर लढायला मागे कोणी उरले नाही आणि २ ऑक्टोबरला जेरुसलेम शरण गेले. आपल्या खारपाणपट्ट्यात, जिथे विहिरीला पाणी असूनही ते तोंडात धरवत नाही, तिथे वाढलेल्या मुलीला हे दोनदा सांगावे लागले नाही.

त्यानंतरही ते राज्य आणखी शंभर वर्षे किनाऱ्याला धरून राहिले, आणि तुम्हाला तोच काळ अधिक महत्त्वाचा वाटत होता. त्या काळात किनाऱ्यावरच्या अक्को या बंदर शहराच्या गल्ल्यांत व्हेनिस आणि जिनोआ यांचे व्यापारी आपसांत लढत होते. सरदारांना किल्ले पोसणे परवडेना म्हणून ते एकामागून एक योद्ध्यांच्या पंथांकडे जात राहिले. क्राक दे शव्हालिएसारखा प्रचंड किल्ला तर त्याही आधी, ११४२ मध्येच, हॉस्पिटलर या योद्ध्यांच्या पंथाला दिलेला होता, आणि १२७१ मध्ये इजिप्तचा सुलतान बैबर्स याने वेढा घातला तेव्हा त्याच्या प्रचंड तटांच्या मानाने आत माणसे फारच थोडी होती. राजे नावापुरते होते. १२६८ मध्ये नेपल्स शहरात ज्या सोळा वर्षांच्या कॉनरादिनचा शिरच्छेद झाला, तो जेरुसलेमचा राजा म्हणवला जात असे. त्याने ते राज्य कधी पाहिलेही नव्हते.

हे सांगून तुम्ही थांबलात आणि सातपुड्याकडे बोट केलेत. तिथल्या नरनाळा किल्ल्यावर, म्हणालात, वऱ्हाडच्या इमादशाही घराण्याचा बुऱ्हाण हा लहान राजा कैदेत होता आणि तुफालखान त्याच्या नावाने वऱ्हाडचा कारभार करत होता. १५७४ मध्ये अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाने नरनाळा आणि गाविलगड घेतले आणि वऱ्हाडची ती गादी संपली. शाळेच्या सहलीत महाकाली दरवाजासमोर आम्ही सगळ्यांनी फोटो काढले होते. त्या दरवाजाच्या आत एक राजा आपल्याच राज्यात बंदी होता, हे त्या दिवशी आम्हाला कोणी सांगितले नव्हते. खारतटाचा बालराजा त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा दिसला, आणि तो वऱ्हाडी दिसला.

तुमच्या चिठ्ठीतल्या प्रश्नाने कादंबरी गडाबाहेर पडली. तोपर्यंत तिच्यात गडाच्या आतली माणसे होती. आता खालच्या गावांतली आली, ज्यांची भाषा वेगळी, देव वेगळे, आणि ज्यांच्या वावरातली ज्वारी दोनशे वर्षे वर चढत आली. तुम्ही म्हणालात तेव्हा ते मला लख्ख समजले, की पॅलेस्टाइनमधल्या त्या जेरुसलेमच्या राज्यातही शेतकरी बहुतेक स्थानिक मुसलमान आणि पूर्वेकडचे ख्रिस्ती होते. वर सत्ता बदलली तरी कर भरणारे हात तेच राहिले. आता माझ्या कादंबरीत खारतट लढाईत हरत नाही. एका वर्षी सोंगणी होते, खळी होतात, आणि बंड्या गडाच्या वाटेला लागतच नाहीत. कोणी बंड केलेले नसते, कोणी शस्त्र उचललेले नसते. गावातली एक म्हातारी एवढेच विचारते की वर आपले कोण आहे, आणि त्या प्रश्नाला उत्तर देणारे कोणी नसते. गडावर पहारेकरी त्या वाटेकडे पाहत राहतात. हे प्रकरण लिहून झाले तेव्हा मला त्या मान्यवरांची आठवण झाली. शेतकरी माझ्या पुस्तकात आला आहे, त्याच्या पूर्ण ताकदीनिशी आला आहे, आणि तो कोणाच्या अपेक्षेपायी आलेला नाही.

तुमच्यासारखी माणसे गावोगाव आहेत असे मला अलीकडे वाटू लागले आहे. ती व्यासपीठावर दिसत नाहीत. कोणाच्या पोराचा अर्ज वाचून त्यातली एक ओळ नीट करून देणारी, बँकेत कागद घेऊन गांगरलेल्या बाईला बसायला जागा देणारी, समोरच्याने जे आणले आहे ते आधी पूर्ण पाहणारी. त्यांच्याकडे सत्ता नसते, वेळही फार नसतो. तुमची तर त्याच दिवसांत तुरीची फवारणी राहिली होती. तरी तुम्ही एका मुलीची वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलीत. याबद्दल आभार मानायला माझ्याजवळचे शब्द तोकडे आहेत, तरी मनापासून आभार, गुरुजी.

एक काम अजून राहिले आहे, आणि त्यासाठी मला तुमची गरज आहे. शेवटच्या प्रकरणात खारतटाचे लोक बंदराकडे पळतात. १८ मे १२९१ रोजी अक्को पडले तेव्हा धक्क्यावर काय झाले ते तुम्ही सांगितले होते: जहाजे थोडी, माणसे अपार, आणि तिथले वृद्ध धर्मगुरू आपल्या होडीत इतक्या लोकांना घेत गेले की ती होडी त्यांच्यासह बुडाली, असे सांगतात. माझ्या बंदरात तीन जहाजे उभी आहेत. धक्क्यावर कोण कोण आहे त्याची यादी मी करून ठेवली आहे, आणि तिच्यात ती म्हातारीही आहे. पेरणी आटोपली की वही घेऊन येते. कोणाला जागा द्यायची हे ठरवण्याआधी एका जहाजात किती माणसे मावतात, ते आपण दोघे बसून काढू.

आपली विद्यार्थिनी