पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या भिंगवाल्या काकांना

आदरणीय काका, सा. न.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे असं जाहीर लिहितेय. मे महिन्यात, खाणीच्या वरच्या अंगाला, वाळक्या काडीवरच्या किड्यासमोर माझी लेक बसली होती आणि तुम्ही थांबलात. आठवत असेल.

त्याआधी एका निसर्गफेरीत तिने अगदी असाच किडा दाखवला होता. पैसे भरून गेलो होतो. तिथल्या जाणकारांनी लांबूनच ‘चतुर आहे गं’ म्हटलं आणि सगळे कॅमेरे फुलपाखरामागे धावले. ‘मग हा काडीसारखा का बसलाय?’ हा तिचा प्रश्न कोणी ऐकलासुद्धा नाही. घरी येईपर्यंत पोरगी गप्प होती.

तुम्ही किड्याचं नाव सांगितलंच नाहीत. गळ्यातलं भिंग काढून तिच्या हातात दिलंत, त्या उन्हात खाली मातीत बसलात, तिच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून स्वतःची टोपी आडवी धरलीत आणि एवढंच विचारलंत, ‘मिशा कशा आहेत बघ बरं.’ मग वाट पाहिलीत. काका, ते वाट पाहणं मी विसरणार नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ‘लांब आहेत, टोकाला गाठ आहे, फुलपाखरासारखी.’ चतुराच्या मिशा केसाएवढ्या, दिसतील न दिसतील अशा. म्हणजे हा चतुर नव्हेच, आउलफ्लाय नावाचा चतुरासारखा दिसणारा वेगळाच कीटक, हे तिचं तिनेच काढलं असं तिला वाटलं. गिरिपुष्पाच्या झाडाखालच्या भुसभुशीत मातीतले अँटलायनचे, म्हणजे मुंग्या पकडणाऱ्या अळीचे, खड्डे दाखवून ‘ही याची भावकी’ म्हणालात तेव्हा तर ती उठायलाच तयार नव्हती.

आणि नेमकी जात विचारल्यावर ‘एवढ्यावरून मला नाही सांगता येणार’ म्हणालात. इतकं जाणणारा माणूस लहान मुलीपुढे हे सहज बोलून जातो! आपल्याकडे फोटो टाकायचा अवकाश, लॅटिन नावं फेकणारे पाच जण हजर होतात. भलेपणा म्हणतात तो यापेक्षा वेगळा काय असतो?

आता मृग लागेल. मृगाच्या किड्याला आठ पाय, म्हणून तो कीटक नाहीच, कोळ्याच्या गोतातला, असं ती सोसायटीभर सांगत सुटली आहे. लिफ्टमध्येसुद्धा. पाऊस पडला की आम्ही रविवारी सकाळी खाणीपाशी असू. दिसलो तर हाक मारा. चहा आमच्याकडून.

तुमची,
त्या मुलीची आई