तुरिनचा अनुभव आणि आपले शहर: क्रीडा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडा मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कारखान्यांत माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे वाहनांच्या कारखान्यांवर वाढलेल्या कोणत्याही शहराविषयी मला आपलेपणा वाटतो. इटलीतील तुरिन हे असेच फियाटचे शहर. गच्चीवर मोटारींच्या चाचणीचा मार्ग असलेला तेथील लिंगोट्टो कारखाना 1982 मध्ये बंद झाला. पुढे 2006 च्या हिवाळी ऑलिंपिकने या शहराचे रूप पालटले, असे सांगितले जाते.

हे अर्धेच खरे आहे. शहर दुभागणारा लोहमार्ग जमिनीखाली नेऊन वर रस्ता आणि वस्ती करण्याचे 1995 च्या विकास आराखड्यातच ठरले होते. यजमानपद मिळाले 1999 मध्ये. ऑलिंपिकमुळे कामांना मुदत आली. तेथील पहिली मेट्रो ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या अवघ्या सहा दिवस आधी धावू लागली, यावरून त्या मुदतीचा धाक कळतो. (आमच्या नव्या जलवाहिनीच्या किती तारखा आम्ही ऐकल्या, हे आपण जाणताच.)

मात्र जे केवळ स्पर्धेसाठी बांधले, ते अंगावर आले. तुरिनजवळच्या डोंगरातील चेझाना गावचा बॉबस्लेचा, म्हणजे बर्फावरच्या घसरगाड्यांच्या शर्यतीचा, मार्ग काही वर्षांतच बंद पडला, कारण तो गोठवून ठेवण्याचा खर्च निघेल इतके खेळाडूच नव्हते. जुन्या घाऊक भाजीबाजाराच्या जागेवरील क्रीडाग्रामाच्या, म्हणजे खेळाडूंच्या निवासासाठी बांधलेल्या, रिकाम्या इमारतींत 2013 मध्ये निर्वासितांनी आसरा घेतला आणि त्या रिकाम्या व्हायला 2019 उजाडले. याउलट आइस हॉकीसाठी जपानी वास्तुरचनाकार अराता इसोझाकी यांनी रचलेल्या सभागृहात 2021 पासून एटीपी फायनल्स ही पुरुष टेनिसपटूंची वर्षअखेरची स्पर्धा भरू लागली. बर्फ काढला की तेथे कोणताही खेळ, कोणतीही सभा होऊ शकते.

फेब्रुवारी 2023 मध्ये जी-20 च्या महिला परिषदेसाठी छत्रपती संभाजीनगरात पाहुणे आले, तेव्हा भिंती रंगल्या, चौक उजळले. पाहुणे गेले तरी आमच्या नळाला पाणी येण्याचा वार मात्र बदलला नाही.

म्हणून विनंती आहे की, मराठवाड्यात मोठी स्पर्धा आणण्याचा विचार झालाच, तर जायकवाडीचे पाणी आणि वाळूज ते शेंद्रा या औद्योगिक वसाहतींदरम्यान कामगारांना परवडणारी वाहतूक ही कामे आधी आराखड्यात निश्चित करून मगच यजमानपद मागावे. शिवाय प्रत्येक क्रीडागृहाच्या प्रस्तावाला, स्पर्धेनंतर त्याचे वीजबिल आणि रखवालदाराचा पगार कोणत्या खात्यातून दिला जाणार, हे लिहिलेला कागद जोडावा आणि तो भूमिपूजनाच्या आधी आमच्यासमोर ठेवावा.

कळावे,
आपला नम्र,
वाळूजचा एक निवृत्त कामगार