खालच्या मजल्यावरच्या काकांना, एका बसबद्दल

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून घालत नाही. पण पत्र सगळ्यांना वाचता यावं असंच लिहिते आहे, कारण तुम्ही आमच्या घरात जे केलंत ते इतर आईबापांनाही उपयोगी पडेल.

गेल्या जूनमध्ये शाळेच्या वह्या घ्यायला अप्पा बळवंत चौकात गेलो होतो, तेव्हा जुन्या पुस्तकांच्या ढिगात लेकीला ते चित्रांचं पुस्तक सापडलं. ‘द मॅजिक स्कूल बस’ मालिकेतलं अगदी पहिलं, १९८६ सालचं. लेखन जोआना कोल यांचं, चित्रं ब्रूस डेगन यांची. वर्ग सहलीला निघतो, बस ढगात शिरते, मुलं थेंबाएवढी होतात. मग ओढ्यातून जलाशयात, तिथून जलशुद्धीकरण केंद्रात आणि शेवटी शाळेतल्याच नळातून बाहेर! मला ते पसंत पडलं नव्हतं, हे आज कबूल करते. ती मराठी शाळेत, तिसरीत. इंग्रजी तिला झेपणारं नव्हतं. शिवाय विज्ञानाच्या पुस्तकात असल्या थापा कशाला, असंही वाटायचं. पाण्याचं शिकवायचंय ना, मग सरळ शिकवा. मी ते कपाटावर टाकून दिलं.

तिनं खुर्चीवर चढून ते काढलं आणि थेट तुमच्याकडे आणलं. तुम्ही पर्वतीच्या पाणी केंद्रात होतात, एवढं तिला ऐकून माहीत होतं. चष्मा लावून तुम्ही आधी सगळी चित्रं पाहिलीत, मग मला हाक मारलीत. “अगं, हे बघ. वाळूची गाळणी काढलीये यांनी. बरोबर आहे!”

माझं मत काही लगेच बदललं नाही. पण मी बसले.

तुम्ही नुसतं भाषांतर केलं नाहीत, अख्खी गोष्ट पुण्यात आणलीत. ओढ्याच्या जागी आंबी, मोसे आणि मुठा आल्या. जलाशय म्हणजे खडकवासला. पानशेत, वरसगाव, टेमघरचं पाणी तिथं कसं येतं ते तुम्ही वर्तमानपत्राच्या कडेला काढून दाखवलंत. ‘अलम’ शब्द आला तेव्हा काही न बोलता उठलात आणि दाढीच्या डब्यातला तुरटीचा खडा आणून तिच्या हातावर ठेवलात. काहीतरी परदेशी रसायन असेल, असं तिला वाटलं होतं.

आणि तो रविवार! पार्किंगमधल्या डबक्यातलं पाणी पाच पेल्यांत भरून तुम्ही जार टेस्ट केलीत. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की तुरटी किती टाकायची ते अंदाजपंचे ठरवत नाहीत, आधी असं ढवळून बघतात, हे मला या वयात कळलं. पहिल्या पेल्यात तुरटीचं पाणी अर्धा चमचा, पुढच्यात एक, असं वाढवत नेलंत. आधी जोरात ढवळायचं, मग अगदी हळू. मातीचे बारीक कण आपणहून खाली बसत नाहीत; सगळ्यांवर सारखाच ऋण विद्युतभार, म्हणून एकमेकांना दूर ढकलतात. तुरटी तो भार मारते, मग कण चिकटून पुंजके होतात आणि जड होऊन तळाला जातात. मधल्या पेल्यातले पुंजके तिनं भिंगातून पाहिले आणि म्हणाली, “बस इथं अडकली असती.” तुम्ही क्षणभर विचार केलात. “इथून सुटली असती, तर पुढं वाळूत अडकली असती.” मग वाळूचा थर चोंदला की खालून हवा आणि पाणी सोडून बॅकवॉश कसा करतात, रात्रपाळीला तो आवाज कसा यायचा, ते सांगत राहिलात. चहा गार झाला.

बस नसती तर तिला हा प्रश्न पडलाच नसता. पाण्याच्या आत शिरून बघायला तिला ती बस लागत होती, आणि मी तीच कपाटावर टाकून दिली होती.

यातलं खरं काय नाही, ते पुस्तकाच्या शेवटी लेखिकेनंच सांगितलंय. ते पान मी तिला आधी वाचून दाखवणार होते. तुम्ही अडवलंत. “तिचं तिला ओळखू दे.” तिनं वहीत दोन रकाने आखले. बस उडते, मुलं थेंबात मावतात, हे सगळं ‘खोटं’मध्ये गेलं. आणि क्लोरीनही! दिसत नाही, मग कसला खरा? तुम्ही हसला नाहीत, चूक म्हणालाही नाहीत. स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी परीक्षानळीत घेऊन ओटी टेस्ट केलीत, म्हणजे क्लोरीन असला तर पाणी पिवळं करणारं ऑर्थोटोलिडिन त्यात टाकलंत. त्याच्या बाटलीला तिला हात लावू दिला नाहीत, हेही माझ्या लक्षात आहे. थेंब पडले आणि पाणी पिवळं झालं. घरातल्या नळापर्यंत पोचलेल्या पाण्यातही लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असायला हवा, तो तसा का, ते सांगितलंत. तिनं खोडरबर घेतलं आणि क्लोरीन पलीकडच्या रकान्यात नेला. कल्पना आणि पुरावा यांतला फरक मी तिला इतक्या शांतपणे कधीच दाखवू शकले नसते. त्याबद्दल तुमचे मनापासून आभार मानते.

आता ती स्वतःचं पुस्तक करते आहे. तिच्या गोष्टीत पीएमपीची बस आहे आणि कंडक्टर तुम्ही आहात. बस पानशेतला पोचते, तिथलं एक पान मात्र तिनं कोरं ठेवलंय. धरण फुटलं तेव्हा, १२ जुलै १९६१ ला, तुम्ही तिच्याएवढेच होतात ना? पाणी कुठवर आलं होतं, ते तुम्हाला विचारल्याशिवाय काढायचं नाही, असं तिनं ठरवलंय.

मंगळवारी संध्याकाळी घरी असाल तर येतो. रंगपेटी ती घेऊन येईलच.

तुमची,
वरच्या मजल्यावरची