तारे नेमके कोणत्या क्षणाचे?

महोदय,

मोबाइलवरचे एखादे काम पार पडते, हिरव्या वर्तुळात बरोबरची खूण उमटते आणि लगेच ‘आमचे अ‍ॅप कसे वाटले?’ असे विचारत पाच तारे समोर येतात. काम अडलेले असताना मात्र हा प्रश्न मला कुणी विचारल्याचे आठवत नाही. अशा तार्‍यांच्या सरासरीला ‘वापरकर्त्यांचे समाधान’ म्हणण्यास माझा आक्षेप आहे.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे आठवतो. त्यातील लोकांनी एकदा १४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० सेकंद हात बुडवून ठेवला; दुसऱ्या खेपेस तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाण्याचे तापमान जेमतेम एका अंशाने वाढवले होते. यांपैकी कोणता प्रकार पुन्हा कराल, असे विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा, म्हणजे जास्त वेळ त्रासाचा, निवडला. कारण त्याचा शेवट किंचित सुसह्य होता. किती वेळ गेला याची आठवण फारशी दखल घेत नाही. सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट, यांवरच तिचा निवाडा ठरतो.

मध्यंतरी मी एक लांबलचक ऑनलाइन अर्ज भरत होतो. पाने झटपट उघडत होती, सूचना स्पष्ट होत्या, तक्रारीला जागा नव्हती. शेवटचे बटण दाबले आणि ‘आपले सत्र संपले आहे’ एवढेच वाक्य आले; मागे गेलो तर सगळे रकाने कोरे आणि पहिल्या रकान्यात कर्सर लुकलुकतो आहे. अर्ज पुन्हा भरला, तो स्वीकारलाही गेला. तरी आज त्या संकेतस्थळाचे नाव निघाले की मला तो कोरा रकानाच दिसतो. याउलट, दुसऱ्या एका अ‍ॅपवर पैसे भरताना व्यवहार फसला, तेव्हा ‘आपल्या खात्यातून रक्कम गेलेली नाही, भरलेली माहिती सुरक्षित आहे’ असा निरोप आला. बिघाड होऊनही त्या अ‍ॅपविषयी माझे मत चांगले आहे.

रोज उघडायच्या अ‍ॅपला शेवट कुठला, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. पण प्रत्येक कामाला स्वतःचा शेवट असतो आणि खाते बंद करणे हा तर खराखुरा शेवट. नेमके तेच बटण चार पडद्यांआड दडवलेले असते. निरोपाच्या वेळी दार अडवणार्‍याची आठवण कशी राहणार, हे उत्पादकांना कळत नसेल असे वाटत नाही.

तेव्हा तारे विचारायचेच असतील, तर काम फसल्यानंतरच्या पडद्यावरही विचारावेत. त्या अर्जाच्या रात्री मला कुणी विचारले असते, तर उत्तर द्यायला मी जागाच होतो.

आपला,
एक नियमित वाचक