बंपरची निम्मी किंमत ग्राहकाच्या माथी

महोदय,

अपघातानंतर गाडी ‘कॅशलेस’ गॅरेजमध्ये दिली की खिशाला तोशीस लागणार नाही, अशी समजूत विमा पॉलिसी विकताना करून दिली जाते. प्रत्यक्षात बंपर, ग्रिल अशा प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) कापला जातो, शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपयांची सक्तीची वजावट (दाव्यातली ग्राहकानेच भरायची रक्कम) असते, हे गाडी ताब्यात घेताना बिलावरच कळते. काचेला घसारा लागत नाही. तरीही माझ्या बिलात तो लावला होता आणि नुकसान तपासणाऱ्या विमा सर्वेक्षकाच्या अहवालाची प्रत मागताच निमूटपणे काढला गेला. घसारा माफ करणाऱ्या ‘झीरो डेप’ संरक्षणाचा जादा हप्ता न भरणाऱ्यास होणारी ही कपात पॉलिसीच्या पहिल्याच पानावर ठळक मराठीत छापण्याची सक्ती विमा नियामकाने करावी.

– एक वाहनधारक, पुणे