टीव्हीचा तास आणि कुलरचा आवाज

महोदय,

सुट्ट्या लागल्या की लहान मुलांना टीव्ही किती दाखवावा, हा वाद घरोघरी सुरू होतो. आकडा खरं तर ठरलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार वर्षाच्या आतल्या बाळाला आणि एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच. २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास, त्याहून कमी असेल तर बरंच. या तासात मोबाईलही आला. टीव्ही बंद करून हातात फोन दिला, तर काहीच वाचलं नाही.

नागपूरच्या मे महिन्यात मात्र हा तास पाळणं सोपं नाही. दुपारभर बाहेर पाय ठेवता येत नाही. दारं-खिडक्या लावून एकाच खोलीत कुलर, त्याच खोलीत टीव्ही. कुलरच्या घरघरीत ऐकू येत नाही म्हणून टीव्हीचा आवाज वाढतो आणि माणसांचं आपसातलं बोलणं कमी होतं. दोन-तीन वर्षांचं मूल भाषा शिकतं ती त्याच्याशी कोणी बोललं, त्याच्या बोलण्याला उत्तर दिलं, की. टीव्ही उत्तर देत नाही. ‘तो कुठे बघतो, खेळतच तर असतो’ असं म्हणणाऱ्यांनी जरा त्याच्याकडे लक्ष द्यावं. ठोकळे रचता रचता मान सारखी वर जाते आणि खेळ अर्धवट सुटतो. कोणी बघत नसेल तर टीव्ही बंदच हवा. माझ्या मते एक तास की सव्वा तास, या घोळापेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे.

दुसरी अडचण जेवणाची. कार्टून लावून वरणभात भरवला की ताट पटकन रिकामं होतं, पण पोट भरल्याचं मुलाला कळत नाही आणि पुढे टीव्हीशिवाय तोंड उघडत नाही. ही सवय मोडताना पहिले काही दिवस जेवण कमी जाईल. निरोगी मूल पुढच्या वेळी भरून काढतं, घाबरून रिमोट शोधू नये.

तासाचे दोन भाग करावे, अर्धा दुपारी झोपेनंतर, अर्धा संध्याकाळी. रडारड बहुतेक वेळा कार्टूनचा भाग मधेच तोडल्यामुळे होते. म्हणून वेळ संपली की नव्हे, चालू भाग संपला की बंद करायचं, आणि ‘हा शेवटचा’ हे तो सुरू होण्याआधीच सांगायचं. यूट्यूबवर पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये बंद करावी, नाहीतर ‘शेवटचा’ कधी येतच नाही. बंद झाल्यावर काय, हेही आधी ठरलेलं असावं: टबात पाणी आणि दोन वाट्या, किंवा आईसोबत मटार सोलणं. बाहेरचं खेळणं सकाळी आठच्या आत आणि सूर्य कलल्यावर.

झोपण्याआधीचा तास स्क्रीनविना जावा. इथेच मोठ्यांच्या मालिका आडव्या येतात. मूल त्याच खोलीत झोपत असेल तर मालिका दुसऱ्या दिवशी मोबाईलवर, कानात इअरफोन घालून बघता येते. आजी-आजोबांना हे पटवणं मुलाला पटवण्यापेक्षा अवघड, हे मान्य.

दीड वर्षाचं होऊनही मूल एकही शब्द बोलत नसेल किंवा नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, तर नुसता टीव्ही बंद करून वाट पाहू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावं आणि कानाची तपासणीही करून घ्यावी.

– एक बालवाडी शिक्षिका, नागपूर